तळ्यावरची खोली

आमच्या घराच्या मागच्या दारातून तळं दिसायचं. आमच्या म्हणजे सुधीरकाकांच्या घराच्या. हा फरक त्या घरात कुणी बोलून दाखवला नाही, पण फ्रीज उघडताना, टॉवेल घेताना, सोफ्यावर बसताना मला तो रोज कळायचा. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी आईने सुधीरकाकांशी लग्न केलं आणि आम्ही दोघी नागपूरहून थेट मिनेसोटातल्या एका लहान गावात येऊन पडलो. मी तेव्हा नववीत होते. त्यांना काका म्हणायचं, असं आईने विमानतळावरच हळू आवाजात सांगितलं, आणि तेच कायम राहिलं. दुसरं काही म्हण असं त्यांनी कधी सुचवलं नाही. सुचवलं असतं तर मी म्हटलं असतं का, हे आज सांगता येत नाही.

काका वाईट नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात ते सांगायला मला जमणार नाही. इंजिनियर होते, टापटिपीचे होते, आणि आम्ही येईपर्यंत ते घर त्यांनी एकट्याने चालवलं होतं. त्यामुळे कुठला चमचा कुठल्या खणात, पावाची पिशवी कशी बांधायची, थर्मोस्टॅटला कुणी हात लावायचा, सगळं ठरलेलं होतं. तळघरातली फर्नेस सुरू झाली की भिंतीतल्या जाळीतून आधी धुळीचा वास यायचा आणि मग गरम वारा. त्या आवाजाखाली बाकीचं घर गप्प असायचं. आई सावजी मसाला घरी कुटणाऱ्या बाईची मुलगी. तिच्या हातच्या रश्श्याने नागपुरात माणसं नाक पुसत जेवायची. काकांना तिखट सोसत नव्हतं. म्हणून आईने आधी मिरची कमी केली, मग मसाला कमी केला, आणि थंडी सुरू होईपर्यंत आमच्याकडची वांग्याची भाजी कुणाच्याही घरची वाटावी अशी झाली होती. मला वेगळी चटणी करून द्यायची तिची तयारी होती. मीच नको म्हटलं. त्या टेबलावर माझ्यासाठी वेगळं काही असू नये असं मला वाटायचं.

नोव्हेंबर संपता संपता तळं काठाकडून आत गोठत गेलं. आधी लव्हाळ्यांच्या बुडाशी काचेसारखी पट्टी धरली, मग बदकं मधोमध उरलेल्या पाण्यात गर्दी करून बसली, आणि एका सकाळी बदकंही नव्हती. त्यानंतर आवाज सुरू झाले. बर्फ जाड होताना बोलतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ऊन उतरलं की तळ्याच्या एका टोकाला काहीतरी तडकायचं आणि तो आवाज या टोकापर्यंत धावत यायचा, एखाद्या लांबलचक पत्र्यावरून कुणी साखळी ओढत नेल्यासारखा. आई दचकायची आणि पडदा ओढून घ्यायची. मी मात्र मागच्या पायरीवर जाऊन उभी राहायची. शाळेत माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं, घरात बोलायला विषय नव्हता. निदान हे तळं तरी माझ्याकडे तोंड करून बोलत होतं.

मग लोक तळ्यावर राहायला आले. खरंच आले. गाड्या घेऊन थेट बर्फावर जायचे, मागे घसरपट्ट्यांवरच्या, म्हणजे चाकांऐवजी खाली बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या लावलेल्या, लाकडी खोल्या ओढत. या खोल्यांना तिथे फिश हाउस म्हणतात: प्लायवूडच्या चार भिंती, आत एक बाक, एक छोटा हीटर, आणि जमिनीला भोक. त्या भोकाखालचा बर्फ ड्रिलने फोडायचा आणि गळ सोडून बसायचं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत तळ्यावर एक वस्तीच झाली. दुपारी तिथून हसण्याचे आवाज यायचे, कुत्री धावायची, पोरं स्केट बांधून हॉकी खेळायची. मी हे सगळं पायरीवरून बघायची.

आमच्या शेजारी ॲग्नेस नावाची म्हातारी एकटी राहायची. तिच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली तिच्या नवऱ्याचं फिश हाउस पडून होतं. नवरा गेल्यापासून ते तळ्यावर गेलं नव्हतं. एका शनिवारी मी तिचं दार वाजवलं. आयुष्यातला माझा पहिला सौदा तो, आणि तो इंग्रजीत करावा लागला, जे मला तेव्हा धड येत नव्हतं.

"मासे पकडायचेत तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ते घर कशाला हवंय?"

"बसायला."

तिने मला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "दोन हिवाळे माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा."

"एक हिवाळा. छताला भोक आहे त्याच्या."

"भोक नाही ते. धुराड्यासाठी ठेवलंय."

"धुराडं कुठाय मग?"

ती हसली नाही, पण तिचा आवाज बदलला. "एक हिवाळा, आणि उन्हाळ्यात गवत कापायचं."

"गवत जूनपर्यंत. आणि घर तळ्यावर तुम्ही ओढून द्यायचं. माझ्याकडे गाडी नाही."

तिने हातमोजा काढला. तिथली ती पद्धत मला तेव्हा माहीत नव्हती. त्या थंडीत उघडा हात पुढे आला म्हणजे सौदा पक्का. मीही हातमोजा काढला. नंतर मी ओहायोत बंद पडलेल्या रेस्टॉरंटांची भांडी, शेगड्या, फ्रीजर विकत घेऊन विकण्याचा धंदा उभा केला, त्यात माझ्या नावाने आजही लोक बोटं मोडतात की ही बाई शेवटचा स्क्रूसुद्धा सोडत नाही. त्यांना सांगते, माझी शाळा ॲग्नेसच्या दारात झाली.

तिने तिच्या जुन्या पिकअपने घर ओढून दिलं आणि ते कसं ठेवायचं तेही शिकवलं. घसरपट्ट्यांखाली फळ्या घालायच्याच, कारण आत हीटर लावला की जमीन तापते, खालचा बर्फ पाझरतो, आणि थेट बर्फावर ठेवलेलं घर त्याच पाण्यात गोठून बसतं. मग मार्चमध्ये सगळ्यांना घरं काढायची सक्ती असते तेव्हा ते हलत नाही. भिंतीवर बाहेरून मालकाचं नाव लिहिणंही सक्तीचं होतं. ॲग्नेसने तिच्या नवऱ्याचं नाव स्वतःच्या हाताने खरवडून काढलं. मी तिथे लाल रंगात माझं नाव लिहिलं: मंजिरी खापरे. बाबांचं आडनाव. त्या देशात ते कुठेतरी मोठ्या अक्षरात पहिल्यांदाच लिहिलं जात होतं.

शाळेतून आले की ॲग्नेसच्या दारातला बर्फ काढायचा आणि खोलीत जायचं. मी तिला खोलीच म्हणायची. खिडकीवर काळं कापड टाकून दार लावलं की आत काळोख, आणि पायाखालच्या भोकातून उजेड यायचा. बाहेरचा सूर्य बर्फातून पाण्यात उतरतो आणि तिथून वर येतो, हिरवा, स्थिर. तळाच्या वनस्पती दिसायच्या, गळून पडलेलं एखादं पान, आणि खूप वाट पाहिली तर एखादा मासा, जो भोकाखाली येऊन थांबायचा आणि काहीच घडलं नाही असं दाखवून निघून जायचा. मी गळ कधी टाकला नाही. गणितं तिथे केली, बाबांची आठवण तिथे काढली, नागपुरातल्या मैत्रिणींशी मनातल्या मनात बोलले. आई एकदाच आली. कोट, शाल, त्यावर काकांचं जाकीट, असा तिचा मोठा गठ्ठा झाला होता. भोकात डोकावून म्हणाली, "अगंबाई, खाली दिवा लावलाय का कुणी?" मग डब्यातून तिने लपवून आणलेली सांबारवडी काढली, आमच्या नागपूरची कोथिंबिरीची, भरपूर तिखट घातलेली, आणि आम्ही दोघींनी नाक पुसत खाल्ली. "परत येईन हं," ती जाताना म्हणाली. त्या वेळी तिला नक्की यायचं होतं, एवढं मी मानते.

आमच्या भागातल्या मराठी लोकांचं एक लहानसं मंडळ होतं. संक्रांतीचा कार्यक्रम दर वर्षी एका चर्चच्या तळघरात व्हायचा. त्या वर्षी तिथली हीटिंग बंद पडली. काकांची फोनवर चर्चा चालू होती आणि मी टेबलावर जेवत होते. काका एकदम म्हणाले, "अरे, हॉल कशाला? आपण तळ्यावर करू! पोरांना पतंग उडवायला एवढी जागा कुठे मिळणार? आणि माझी केबिन आहे ना तिथे. लेडीज आत बसतील."

मी म्हटलं, "काका, ती..."

त्यांनी तळहात वर केला. फोनवर बोलणारा माणूस करतो तसा, थांब म्हणून. नंतर कधी तो हात खाली आला, मला आठवत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन पडलं होतं आणि वारा बेताचा होता. बायका काळ्या साड्या नेसून आल्या होत्या आणि साडीखाली गुडघ्यापर्यंतचे स्नो बूट. "पाय बघू नका हं कुणी," एक काकू ओरडत होत्या, "वरून संक्रांत, खालून सायबेरिया!" काका सकाळपासून मीठ टाकत होते. ड्राइव्हवेवर टाकतात ते जाड मीठ, पिशव्याच्या पिशव्या. काठापासून खोलीपर्यंत वाट आणि खोलीभोवती मोठं रिंगण, कुणी घसरू नये म्हणून. सगळे त्यांचं कौतुक करत होते. आत बायकांना बसायला बाक कमी पडला, म्हणून त्यांनी दोघांना हाताशी घेऊन खोली एका बाजूने उचलली आणि खालच्या फळ्या काढून त्यांची आसनं केली. मी पळत गेले. "काका, त्या फळ्या काढू नका, ॲग्नेस म्हणाली होती..." "अगं, तासाभराचा प्रश्न आहे, संध्याकाळी घालू परत," ते म्हणाले. हीटर पूर्ण लावलेला. आत एका बाळाचं बोरन्हाण झालं. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ रडत होतं, त्याच्या डोक्यावरून कुरमुरे आणि चॉकलेटं ओतली जात होती, आणि निम्मे कुरमुरे माझ्या भोकातून पाण्यात जात होते. आई हळदीकुंकू लावत होती आणि वाण म्हणून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचे स्क्रेपर देत होती. ती कल्पना तिची, आणि सगळ्यांना फार आवडली होती.

खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर काकांनी मंडळाचा कापडी फलक लावला होता. नेमका माझ्या नावावर. वाऱ्याने त्याची एक बाजू सुटली आणि पतंगाची फिरकी धरून उभे असलेले एक काका मोठ्याने वाचू लागले. "मंजिरी खापरे. हे कोण, सुधीर? तुमचं तर दातार ना?"

चार-पाच जण वळून बघायला लागले. सुधीरकाका हसले. चांगले यजमान हसतात तसे. म्हणाले, "अहो, ती हिची मुलगी." आणि आईकडे बोट केलं. "केबिन माझी, मुलगी हिची."

सगळे हसले. विनोद बरा होता, मलाही कळतं ते. मी आईकडे बघितलं. तिने पुढच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात स्क्रेपर दिला आणि म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

हे लिहिताना घराच्या खालच्या मजल्यावर टीव्ही चालू आहे. सुधीरकाका आता माझ्याकडे असतात, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, माझ्या स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घरात. आई गेल्यावर त्यांना दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या गोळ्या मी देते, डॉक्टरकडे मी नेते, भाजी कमी तिखट करते. शेजारपाजारचे तरुण लोक त्यांना आजोबा म्हणतात आणि हौसेने जुन्या गोष्टी विचारतात. मग ते सांगतात की मिनेसोटात आमची तळ्यावर केबिन होती, तिथे आम्ही संक्रांत केली होती. मी तेव्हा काहीतरी काम काढून उठते. मुलगा म्हणतो, मम्मा, इट्स बीन फॉर्टी इयर्स. त्याला मी एवढंच सांगते की चाळीस वर्षांत कुणीही माझ्याकडे त्या खोलीचा सौदा मिटवायला आलेलं नाही.

त्या संक्रांतीच्या संध्याकाळी फळ्या परत घालायच्या राहिल्या. लोक निघेपर्यंत अंधार झाला, भांडी होती, काका दमले होते. दुसऱ्या दिवशी थंडीची लाट आली आणि आठवडाभर शाळासुद्धा बंद राहिली. मी पुन्हा खोलीत गेले तेव्हा मिठाने विरघळलेला बर्फ आणि हीटरखाली पाझरलेलं पाणी एकत्र गोठून खोलीभोवती घोट्यापर्यंत दगडासारखा बर्फ झाला होता. दार अर्धंच उघडलं. ॲग्नेस येऊन बघून गेली. तिने मिठाचे खडे बुटाने उकरले आणि विचारलं, "हे कुणी टाकलं?" मी सांगितलं. "बर्फावर मीठ," ती म्हणाली. तिने पिकअप लावून पाहिली. दोर तुटला. काकांनी त्यांच्या गाडीने ओढून पाहिलं. खोलीची पुढची चौकट मोडली, खोली जागची हलली नाही.

मार्चमध्ये काढायची मुदत आली तेव्हा काका म्हणाले, "करवतीने कापून काढू. एवढंसं लाकडी खोकं आहे. मी तुला नवीन घेऊन देतो, रेडीमेड, याच्यापेक्षा मोठं."

"मला नवीन नको."

"मग काय हवंय?"

मी तयारच होते. "ज्यांच्यासमोर तुम्ही माझी केबिन म्हणालात, त्या सगळ्यांना सांगा की ती मंजूची होती. गुढीपाडव्याला सगळे भेटणारच आहेत. बाकी काही नको. नवीन पण नको."

"अगं, लोक विसरलेसुद्धा."

"मी नाही विसरले! चार माणसांत घेतलंत ना? मग चार माणसांत परत द्या!"

माझा आवाज एवढा चढला की फर्नेसचा आवाज ऐकू येईना. काकांचा चेहरा लाल झाला. "हे काय बोलणं आहे? माझ्याच घरात..." ते म्हणाले, आणि वाक्य अर्धं सोडून तळघरात निघून गेले. आई ओट्याशी उभी होती. तिने कणीक मळणं थांबवलं नाही.

"आई, तू तरी सांग त्यांना. तू बघितलंयस. तू आत बसली होतीस माझ्याबरोबर."

"सोड ना, मंजू." तिचा आवाज अगदी हळू होता. "आपल्याला राहायचंय इथे."

तळघराकडच्या दाराकडे बघून तिने हे म्हटलं होतं. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की त्या घरात पाहुणी मी एकटीच आहे.

रविवारी काका करवत घेऊन माझ्याबरोबर तळ्यावर आले. बोलावलं नव्हतं, आपणहून आले. वस्ती उठली होती. जिथे घरं होती तिथे राखेचे, कॉफीचे, कुत्र्यांच्या मुताचे डाग, आणि मधे माझी एकटी खोली. आम्ही छप्पर उतरवलं. मागची भिंत काढली. ती खाली आली तेव्हा आत पहिल्यांदाच पूर्ण उजेड पडला आणि भोकातलं पाणी नुसतं काळं दिसलं. काका गुडघे टेकून नावाची भिंत कापत होते, बर्फाच्या लगत, धापा टाकत. त्यांना ते काम जमत नव्हतं, आणि तरी ते मला करवत देत नव्हते. मध्येच थांबून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तुझी होती. मला माहीत आहे, मंजू."

"मोठ्याने म्हणा."

"इथे कोण आहे ऐकायला?"

"मग काय हरकत आहे?"

ते उठून उभे राहिले. गुडघ्यांवरचा बर्फ झटकला. टोपी काढली, का कोण जाणे. आणि गावाच्या दिशेला तोंड करून, मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात ओरडले, "केबिन मंजूची होती!"

गोठलेल्या तळ्यावरून आवाज फार लांब जातो. त्याला अडवायला काही नसतं. आमच्या घराचं मागचं दार उघडलं आणि आई शाल सावरत पायरीवर आली. तिच्या मागे स्वयंपाकघरातला दिवा होता.

"काय म्हणालात?" तिने ओरडून विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तळ्यावर किंवा काठावर आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं. एक माणूस होता ऐकायला, आणि तो माणूस आई होती.

"काही नाही गं," ते ओरडले. "येतो जेवायला."

आई आत गेली. दार लागलं. काकांनी टोपी घातली, करवत भिंतीला टेकवून ठेवली आणि जपून, एकेक पाय सपाट टाकत काठाकडे निघाले. अर्ध्या वाटेवर वळून म्हणाले, "चल, थंडी वाढतेय. उरलेलं मी जेवून आल्यावर करतो."

मी करवत उचलली. भिंत त्यांनी अर्ध्यापर्यंतच आणली होती. उरलेली मी कापली.